गाडी भाड्याची, एक्सेस आपल्या खिशातला

आपल्या मोटारीच्या विम्याची पॉलिसी काढून पाहिली, तर तिच्यात ‘कंपल्सरी डिडक्टिबल’ अशी एक ओळ सापडते. खासगी मोटारीचं इंजिन १५०० सीसीपर्यंतचं असेल तर १००० रुपये, त्याहून मोठं असेल तर २००० रुपये. गाडी ठोकली की घसारा वगैरे वजा जाऊन जे बिल मंजूर होतं, त्यातले पहिले हजार-दोन हजार मालकाचे आणि उरलेले विमा कंपनीचे. रक्कम इतकी किरकोळ, की ती ओळ कोणी वाचत नाही आणि वाचली तरी लक्षात ठेवत नाही. ही सवय घेऊन माणूस लिस्बनला किंवा ऑकलंडला उतरतो, विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायला उभा राहतो, ‘विमा आहे ना?’ असं विचारतो, ‘आहे’ असं उत्तर मिळतं आणि तो सही करून मोकळा होतो. ते उत्तर खरंच असतं. पण त्या करारात हीच ओळ १५०० किंवा २००० युरोंची असू शकते. हिशेबाला सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरला, तर हे दीड ते दोन लाख रुपये झाले. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये या रकमेला ‘एक्सेस’ म्हणतात, अमेरिकेत ‘डिडक्टिबल’. या लेखाचं सगळं सांगणं एवढ्या एका गोष्टीभोवती आहे: परदेशात गाडी भाड्याने घेताना ‘विमा आहे का’ हा प्रश्न पुरत नाही. ‘कोणत्या नुकसानीत माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जाईल’ हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर घरी बसून, निघण्याआधी ठरवायला हवं.

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. करारावर ‘सीडीडब्ल्यू’ किंवा ‘एलडीडब्ल्यू’ अशी अक्षरं असतात. कोलिजन डॅमेज वेव्हर, लॉस डॅमेज वेव्हर. यातला ‘वेव्हर’ हा शब्द महत्त्वाचा. काटेकोरपणे पाहिलं तर हा विमाच नव्हे. गाडीची मालक कंपनी तुम्हाला एवढंच सांगते, की गाडीचं नुकसान झालं तर एका ठरावीक आकड्यापुढची भरपाई आम्ही तुमच्याकडून मागणार नाही. हा आकडा म्हणजे एक्सेस. ही माफी करारातली आहे, म्हणून ती करारातल्या अटींवर उभी आहे. अट मोडली की माफी संपली, आणि मग प्रश्न दीड लाखाचा राहत नाही, अख्ख्या गाडीच्या किमतीचा होतो. करारात ज्याचं नाव नाही अशा माणसाने गाडी चालवली, दारू पिऊन चालवली, मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर नेली, परवानगी न घेता दुसऱ्या देशात नेली, तर बहुतेक कंपन्यांच्या करारात ही माफी रद्द होते. ‘पाच मिनिटं तू चालव, मी डुलकी काढतो’ असं म्हणून मेव्हण्याच्या हाती स्टिअरिंग देणं आपल्याकडे फार सहज घडतं. तिथे दुसऱ्या चालकाचं नाव करारात घालायला रोज थोडे पैसे पडतात, ते वाचवू नयेत.

लायसन्सचं प्रकरणही याच धाग्यातलं आहे. आपल्याकडे आरटीओकडून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, १००० रुपये शुल्क भरून ४ए नमुन्याच्या अर्जावर मिळतं आणि एक वर्ष चालतं. पुष्कळ लोक ते काढत नाहीत, कारण आपलं लायसन्स इंग्रजीत छापलेलं आहे आणि काउंटरवर कोणी हरकत घेत नाही असं त्यांनी ऐकलेलं असतं. काउंटरवर हरकत न घेणं आणि अपघातानंतर विमा कंपनीने हरकत न घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या देशात परमिट कायद्याने लागतं, तिथे ते नसताना झालेला अपघात हा विनापरवाना चालवण्याच्या कलमात ढकलता येतो, आणि मग वर सांगितलेली माफीही हातची जाते. मूळ लायसन्स आणि परमिट दोन्ही बरोबर ठेवा. नुसत्या परमिटला अर्थ नाही.

आता जोखीम कुठे किती आहे ते पाहू. एक्सेस हा या लेखाचा विषय असला, तरी तो सगळ्यात मोठा धोका नाही. सगळ्यात मोठा धोका आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा असतो. भारतात मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी त्याला रकमेची मर्यादा नाही. म्हणून आपल्याला या बाजूचा विचार करायची सवयच नाही. युरोपीय संघात गाडीला किमान किती थर्ड पार्टी संरक्षण हवं हे कायद्याने ठरलेलं आहे: शारीरिक इजेसाठी दर अपघाताला ६४.५ लाख युरो किंवा दर जखमी माणसामागे १३ लाख युरो, आणि मालमत्तेच्या नुकसानीला १३ लाख युरो. ब्रिटनमध्ये शारीरिक इजेला आपल्यासारखीच मर्यादा नाही. न्यूझीलंडमध्ये अपघातात जखमी झालेल्यांच्या उपचारांचा भार एसीसी ही सरकारी योजना उचलते, पर्यटकांचासुद्धा, चूक कोणाची हे न विचारता. थोडक्यात, या देशांत भाड्याच्या गाडीबरोबर दुसऱ्याच्या जिवाचं संरक्षण पुरेसं येतं आणि आपली चिंता गाडीच्या नुकसानीपुरती उरते.

अमेरिकेत हे गणित उलटं आहे. तिथे किमान थर्ड पार्टी संरक्षण राज्याराज्यांत वेगळं आणि फार कमी असतं. कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्यात १ जानेवारी २०२५ पासून ते वाढवलं गेलं, आणि वाढून किती झालं? एका जखमीला ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सर्व जखमींना मिळून ६०,००० डॉलर आणि मालमत्तेला १५,००० डॉलर. त्याआधी मालमत्तेचा आकडा ५,००० डॉलर होता. अमेरिकेतल्या रुग्णालयाचं बिल ज्याने पाहिलं आहे, त्याला ३०,००० डॉलर किती दिवस पुरतील हे सांगायला नको. उरलेली रक्कम जखमी माणूस चालकाकडून कोर्टात मागू शकतो. म्हणून अमेरिकेत ‘एसएलआय’, म्हणजे सप्लिमेंटल लायबिलिटी इन्शुरन्स, हे जास्तीचं थर्ड पार्टी संरक्षण घ्यावंच असं माझं स्पष्ट मत आहे. ते बहुधा तीन लाखांपासून दहा लाख डॉलरपर्यंतचं असतं. आपला भारतातून काढलेला प्रवासविमा इथे कामाला येत नाही. त्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ असं कलम असतं खरं, पण मोटार चालवताना झालेलं नुकसान त्यातून साधारणपणे वगळलेलं असतं. पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत ती ओळ शोधून पाहा.

अमेरिकेच्या बाबतीत मराठी घरांत एक चूक इतकी सहज होते, की तिच्यावर थोडं थांबायला हवं. आईवडील मुलाकडे न्यू जर्सीला किंवा बे एरियात जातात, आणि चार दिवस दोघांनीच फिरून यावं म्हणून मुलगा स्वतःच्या खात्यावरून गाडी बुक करून देतो. हेतू उत्तम, पण अमेरिकेतले भाड्याचे दर ग्राहक कुठल्या देशाचा रहिवासी आहे यावर ठरतात. परदेशी पाहुण्यांसाठी असलेल्या दरांत एलडीडब्ल्यू आणि वाढीव थर्ड पार्टी संरक्षण ही दोन्ही पुष्कळदा आधीच धरलेली असतात. अमेरिकी रहिवाशांच्या दरांत ती नसतात, कारण तिथल्या माणसाचा स्वतःच्या गाडीचा विमा भाड्याच्या गाडीलाही लागू पडतो असं गृहीत धरलेलं असतं. शिवाय मुलाच्या क्रेडिट कार्डावर गाडीच्या नुकसानीचं संरक्षण फुकट मिळत असेल, तर ते गाडी त्याच्या नावावर आणि त्याच कार्डावर घेतली तरच, आणि कंपनीचं सीडीडब्ल्यू नाकारलं तरच लागू होतं. काही कार्डांच्या अटींत इटली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे देश सरळ वगळलेले असतात. मुलाने स्वस्त म्हणून घेतलेला दर वडिलांच्या हाती गाडी येताना जवळजवळ उघडा असू शकतो. गाडी वडील चालवणार असतील, तर बुकिंग त्यांच्या नावावर, राहण्याचा देश भारत असं नोंदवून आणि त्यांच्याच कार्डावर करावं. वरवर महाग दिसलं तरी आत काय आहे ते तोलून पाहिलं की ते बहुधा स्वस्तच ठरतं. आणखी एक गोष्ट: अमेरिकेत एलडीडब्ल्यू घेतलं की बऱ्याचदा एक्सेस शून्य असतो, न घेतलं तर जबाबदारी पूर्ण गाडीची. युरोपसारखा मधला आकडा तिथे सहसा नसतो.

आता तो मधला आकडा, एक्सेस. त्याबद्दलचा सगळ्यात खोल गैरसमज असा, की तो चुकीची शिक्षा म्हणून भरायचा असतो. म्हणून ‘मी वीस वर्षं पुण्याच्या रहदारीत गाडी चालवतो आहे, माझ्या हातून काही होणार नाही’ हा युक्तिवाद पुढे येतो. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. एक्सेसला चूक कोणाची हे ठाऊक नसतं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावून तुम्ही भाजी घ्यायला गेलात आणि कोणी दाराला पोचा पाडून निघून गेलं, तरी कंपनी पैसे तुमच्याकडूनच घेते. समोरच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून काच तडकली, तरी तुमच्याकडूनच. न्यूझीलंडमध्ये मालमत्तेच्या नुकसानीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. विमा नसलेल्या स्थानिक गाडीने मागून येऊन तुम्हाला धडक दिली, तरी एक्सेस आधी तुमच्या कार्डावरून कापला जाऊ शकतो आणि समोरच्याकडून वसुली झाली तरच परत मिळतो. कौशल्याने अपघात टळतात हे खरं, पण एक्सेसमधला मोठा वाटा कौशल्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

आणि कौशल्याचाच मुद्दा काढायचा तर तो आपल्या बाजूने बोलत नाही. आपण उजवीकडे बसून गाडी चालवतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान इथे तसंच असतं म्हणून निभावतं. युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, आणि गाडीची उजवी बाजू, जी आयुष्यभर आपल्या कोपराशी होती, ती अचानक हातभर लांब जाते. नजरेचा अंदाज जुनाच राहतो. त्यामुळे गाडी नकळत उजवीकडे सरकत राहते आणि पुढचं उजवं चाक फुटपाथच्या दगडी कडेला घासतं. इटलीतल्या किंवा स्पेनमधल्या जुन्या गावांतल्या गल्ल्या आठवा. मिश्रधातूच्या रिमवर बोटभर लांबीचा पांढरा ओरखडा उठतो, गाडीतल्या कोणाला आवाजही येत नाही आणि परत करताना कंपनीचा माणूस आधी वाकून तेच पाहतो. आता याला जोडून करारातली पुढची ओळ वाचा: साध्या सीडीडब्ल्यूमधून टायर, चाकं, काचा, आरसे, गाडीचं छत, गाडीचं पोट आणि आतलं सामान पुष्कळदा वगळलेलं असतं. हरवलेली किल्ली, चुकीचं इंधन आणि जळलेला क्लचही वगळलेला. म्हणजे जे नुकसान होण्याचा संभव सगळ्यात जास्त, नेमकं तेच माफीच्या बाहेर. त्याचं बिल एक्सेसच्या मर्यादेतही मोजलं जात नाही.

वगळलेल्या गोष्टींची यादी देशागणिक बदलते आणि ती वाचली की त्या देशाचा भूगोल कळतो. आइसलंडमध्ये खडीच्या रस्त्यांवरच्या दगडांसाठी वेगळं संरक्षण विकलं जातं, वाळू आणि ज्वालामुखीच्या राखेच्या वादळासाठी वेगळं, कारण वाऱ्याने उडालेली राख गाडीचा रंग घासून काढते. तिथला वारा दार उघडताच बिजागरीसकट उलटं वाकवतो, आणि हे नुकसान बहुतेक करारांत चालकाच्या माथी असतं. म्हणून तिथे गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करतात आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडतात. नदीतून गाडी घातली तर कुठलंच संरक्षण उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात सूर्यास्त ते सूर्योदय शहराबाहेर गाडी चालवायला अनेक करारांत मनाई असते, कारण त्या वेळात कांगारू रस्त्यावर येतात. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता आणि उत्तरेतला नाइन्टी माइल बीच यांची नावं बऱ्याच करारांत मनाईच्या यादीत असतात. जपानमध्ये नुकसान कितीही छोटं असो, पोलिसांना बोलावून नोंद केली नाही तर विमा मिळत नाही, आणि गाडी दुरुस्तीला गेल्याने कंपनीचा जो धंदा बुडतो त्याची ‘नॉन ऑपरेशन चार्ज’ ही रक्कम वेगळी भरावी लागते. गाडी चालवत परत आणली तर २०,००० येन आणि ओढून आणावी लागली तर ५०,००० येन असा बऱ्याच कंपन्यांचा रूढ दर राहिला आहे. युरोपात याच स्वरूपाची रक्कम ‘लॉस ऑफ यूज’ म्हणून आणि कागदपत्रांचा खर्च ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन फी’ म्हणून बिलात येते. शंभर युरोंचा ओरखडा तीनशेचा होतो तो असा.

एवढं कळल्यावर प्रश्न येतो तो एक्सेसचं काय करायचं हा. तीन मार्ग आहेत. काउंटरवरच जास्त पैसे देऊन एक्सेस शून्यावर किंवा अगदी कमी आणायचा. नाही तर बुकिंग करताना मध्यस्थ वेबसाइट जे ‘फुल प्रोटेक्शन’ विकते ते घ्यायचं. किंवा प्रवासविम्यातच भाड्याच्या गाडीचा एक्सेस भरून देणारं कलम असलेली पॉलिसी निवडायची. भारतातल्या काही प्रवासविम्यांत असं कलम मिळतं, पण रक्कम आणि देश तपासूनच घ्यावं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना चौथाही मार्ग आहे. तिथे फक्त एक्सेसचा विमा वर्षभरासाठी स्वस्तात मिळतो. स्लाव किंवा लंडनमधल्या मराठी कुटुंबांनी तो जरूर पाहावा. भारतात राहणाऱ्यांना मात्र तो सहसा विकत नाहीत, आणि इंटरनेटवर वाचून घाईने पैसे भरले तर दावा करताना राहण्याचा देश आडवा येतो.

आता आकडेमोड. समजा गाडी दहा दिवसांसाठी आहे आणि एक्सेस १५०० युरो आहे. काउंटरवर तो शून्य करायला दिवसाला २५ युरो मागितले, म्हणजे २५० युरो. तेच बुकिंगच्या वेळी ८० युरोंत मिळत होतं. २५० हा १५०० चा सहावा भाग. दर सहा प्रवासांत एकदा गाडीचं पूर्ण एक्सेसएवढं नुकसान होणार असेल, तरच काउंटरचा सौदा बरोबरीत सुटतो. ८० युरोंचा सौदा एकोणीस प्रवासांत एकदा नुकसान झालं तरी बरोबरीत येतो. शिवाय टायर आणि काचा बहुधा याच संरक्षणात येतात. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर आधी घेतलेलं संरक्षण सरळ सरस ठरतं, आणि ‘काउंटरवरचा विमा म्हणजे लूट’ म्हणणाऱ्यांची बाजू खरी वाटते.

ती पूर्ण खरी नाही, कारण दोन्ही संरक्षणं वेगळ्या जातीची आहेत. काउंटरवर घेतलेलं संरक्षण गाडीच्या मालकाशीच केलेलं असतं, म्हणून नुकसान झालं तर तो तुमच्याकडे पैसे मागतच नाही. बाहेरून घेतलेलं संरक्षण भरपाईचं असतं: आधी कंपनी तुमच्या कार्डावरून पूर्ण रक्कम कापते, मग तुम्ही करार, बिल, फोटो, पोलिसांची नोंद, कार्डाचं स्टेटमेंट असं सगळं जोडून दावा करता आणि काही आठवड्यांनी पैसे परत येतात. तोवर दीड लाख अडकलेले. त्याहून आधीची अडचण म्हणजे बाहेरच्या संरक्षणाने डिपॉझिट कमी होत नाही. गाडी देताना कंपनी एक्सेसएवढी रक्कम, वर इंधनाचे पैसे, क्रेडिट कार्डावर अडवून ठेवते. काउंटरवरचा कर्मचारी ‘ते तुमचं संरक्षण आम्ही मानत नाही’ असं म्हणतो तेव्हा तो याच अर्थाने बरोबर असतो. तुमची पॉलिसी निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ घेऊन घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका. पण कार्डाची मर्यादा एक लाख असेल आणि अडवायची रक्कम दीड लाख असेल, तर गाडी मिळणार नाही हेही तितकंच खरं. मर्यादा कमी असेल, कागदपत्रांच्या मागे लागायची तयारी नसेल, बरोबर म्हातारे आईवडील असून रात्री अकराला उतरायचं असेल, तर काउंटरचे २५० युरो हा सोयीचा मोबदला समजून देण्यात काही गैर नाही. फक्त तो निर्णय घरून करून आलेला असावा. दहा तासांच्या प्रवासानंतर, मागे रांग असताना, मुलं रडत असताना घेतलेला निर्णय महाग पडतो आणि त्याचा दोष कर्मचाऱ्याला देता येत नाही.

कार्डाबद्दल चार गोष्टी. फॉरेक्स कार्ड किंवा साधं डेबिट कार्ड या डिपॉझिटला बहुतेक ठिकाणी चालत नाही, मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असतं, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून मर्यादा वाढवून ठेवावी. रक्कम नुसती अडवली आहे की प्रत्यक्ष कापून नंतर परत देणार आहेत हे विचारावं. कापली तर आपल्या बँकेचा परकीय चलनाचा अधिभार लागतो. तो साडेतीन टक्के असेल तर दीड लाखावर ५२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५ रुपये, एकूण ६१९५ रुपये, आणि मूळ रक्कम परत आली तरी हा अधिभार परत येईलच असं नाही. मशीनवर ‘रुपयांत देणार की युरोंत’ असा पर्याय आला तर युरो निवडा. रुपयांचा दर त्या यंत्रणेच्या सोयीचा असतो.

गाडी ताब्यात घेतानाची पंधरा मिनिटं हे सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे, पण घाईत तेच राहून जातं. करारासोबत गाडीची रेखाकृती असलेला कागद किंवा मोबाइलवरचं पान मिळतं, त्यावर आधीचे ओरखडे खुणांनी दाखवलेले असतात. तो कागद हातात घेऊन गाडीभोवती फिरा. चारही रिम, बंपरची खालची कड, समोरच्या काचेचा खालचा कोपरा, आरशांची पाठ, छत, आणि डिकीतली स्टेपनी आहे की नाही. अंधारलेल्या तळघरात गाडी दिली असेल किंवा ती नुकतीच धुऊन ओली असेल, तर ओरखडे दिसत नाहीत. गाडी उजेडात आणून पाहा. कागदावर नसलेली प्रत्येक खूण नोंदवून घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका, आणि नंबरप्लेट दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. ‘एवढं कोण पाहतं, त्यांना राग येईल’ असा संकोच आपल्याला फार वाटतो. पण गाडी तपासण्याची आणि नुकसान दाखवण्याची रीत न्याय्य असावी, एकूण किंमत आणि ऐच्छिक संरक्षण आधी स्पष्ट सांगावं, यासाठी युरोपीय आयोग आणि सदस्य देशांच्या ग्राहक यंत्रणांनी २०१५ साली पाच मोठ्या कंपन्यांकडून लेखी वचनं घेतली आहेत. इतक्या वरच्या पातळीवर हा प्रश्न न्यावा लागला, यावरूनच तक्रारी किती होत्या ते कळतं. तपासणी करणं हा तुमचा अधिकार आहे आणि ते रोज हजारो गिऱ्हाइकं करतात.

परत करतानाही तेवढाच वेळ हातात ठेवावा. ऑफिस बंद असताना किल्ली पेटीत टाकून जाण्याची सोय असते, पण बऱ्याच करारांनुसार कंपनीचा माणूस सकाळी गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमचीच राहते. रात्रभरात शेजारची गाडी लागली तरी बिल तुमचं. शक्यतो माणूस असताना गाडी द्या आणि ‘नवीन नुकसान नाही’ असं लिहून घ्या. ते जमलं नाही तर वेळेची नोंद असलेले फोटो, किलोमीटरचा आणि इंधनाचा काटा, पेट्रोलची पावती हे सगळं जपा. वाटेत अपघात झालाच तर युरोपात दोन्ही चालकांनी मिळून भरायचा एक सामायिक अर्ज गाडीत असतो. तो सगळ्या भाषांत एकाच मांडणीचा आणि त्याच क्रमांकांच्या चौकटींचा असतो. इंग्रजी नमुना मोबाइलवर उतरवून ठेवला, तर समोरच्याचा फ्रेंच किंवा इटालियन अर्ज चौकटीला चौकट लावून वाचता येतो. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. उशिरा कळवणं हेही माफी रद्द करायचं कारण ठरू शकतं.

घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांनी कार्डावर अनोळखी रक्कम कापली गेल्याचा संदेश येऊ शकतो, बहुतेक वेळा ओटीपी न मागताच. नुकसानीचं बिल असेल तर तपशील मागा: कोणता भाग, दुरुस्तीचा अंदाज, गाडीचे फोटो, ‘लॉस ऑफ यूज’चे किती दिवस धरले. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेकडे लेखी वाद नोंदवा आणि स्वतःचा व्हिडिओ जोडा. पण एका प्रकारच्या बिलाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, आणि कुठलंही एक्सेसचं संरक्षण त्याला लागू होत नाही, ते म्हणजे रहदारीचा दंड. फ्लॉरेन्स, पिसा, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात ‘झेडटीएल’ नावाची हद्द असते. परवाना नसलेली गाडी आत शिरली की कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. आधी गाडीची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल स्वतःचं शुल्क कापते. तो दंड नव्हे. खरा दंड त्यानंतर टपालाने घरी येतो. परदेशात राहणाऱ्यांना तो कळवायला इटलीच्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिलेली आहे. म्हणून भाड्याचा करार, फोटो आणि पावत्या असलेलं पाकीट प्रवासाच्या बॅगेतून काढून कपाटात ठेवा आणि पुढचं वर्ष-सव्वा वर्ष ते फेकू नका.